साठी, बुद्धी आणि स्मृतिभ्रंश

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे की, घरातील वडीलधारे माणूस विसरू लागले तर कोणालाच त्याचे विशेष वाटत नाही. जेवण झाले की नाही ते आठवेना, तोच प्रश्न घटकेघटकेला विचारला जाऊ लागला, तरी घरची मंडळी ‘चालायचेच, वय झाले’ असे म्हणून गप्प बसतात. श्रोतेहो, या गप्प बसण्यानेच पुष्कळदा उपचाराची वेळ निघून जाते.

वयोमानाने स्मरण मंदावते हे खरे. धारवाडच्या सुभाष रोडवर गेलेल्या आजोबांनी चार जिनसांपैकी एक आणावयाची विसरली, तर ते वय होय. पण त्याच नित्याच्या रस्त्यावरून घरची वाट सापडेनाशी झाली, तर ते दुखणे होय. या दुखण्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. आपल्या देशात साठीच्या पुढील माणसांत त्याचे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख, असावे असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीने वर्तविला आहे.

मात्र स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नव्हे. ताप जसा अनेक रोगांत येतो, तसा स्मृतिभ्रंशही अनेक कारणांनी होतो. अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली वर्णिलेला रोग त्यांत सर्वांत अधिक आढळतो. तो चोरपावलांनी येतो. कालची गोष्ट आधी पुसली जाते, बालपणीची शेवटपर्यंत टिकते. दुसरा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा. रक्तदाब व मधुमेह यांच्याशी त्याचे नाते असून, पक्षाघाताच्या लहानमोठ्या झटक्यांबरोबर रोगी जणू एकेक पायरी खाली उतरतो. तिसरा लेवी या संशोधकाच्या नावाने ओळखला जातो. त्यात आज शुद्ध तर उद्या भ्रम असा चढउतार असतो, नसलेली माणसे दिसतात आणि अंग ताठरते. चौथ्यात विसरण्याआधी स्वभाव किंवा भाषा बिघडते, आणि तो पुष्कळदा साठीच्या आतच गाठतो. कित्येकांत दोन प्रकार एकत्रही नांदतात.

हा भेद केवळ पांडित्याचा नाही. लेवीच्या रोग्याला भ्रमावरची काही नेहमीची औषधे दिली, तर ती जिवावर बेतू शकतात. रक्तवाहिन्यांच्या प्रकारात रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने पुढची पायरी टळू शकते. याहून महत्त्वाचे असे की, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडची मंदता, मनाचे औदासीन्य, झोपेच्या गोळ्या किंवा पडल्यानंतर कवटीत हळूहळू साठलेले रक्त यांनीही बुद्धी झाकोळते. आणि ती वेळीच उपचार केल्यास पुष्कळ अंशी निवळू शकते. एकदोन दिवसांत अकस्मात भ्रम झाला, तर मात्र ज्वर, लघवीतील जंतुसंसर्ग यांसारखे कारण असू शकते. तेथे त्याच दिवशी वैद्य गाठावा.

प्राथमिक चाचणी साधी असते. तीन शब्द सांगून काही वेळाने विचारणे, वार-तारीख विचारणे, घड्याळाचे चित्र काढावयास लावणे, असे तिचे स्वरूप. परंतु शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीला घड्याळ काढता आले नाही, तर तो रोग कसा म्हणावा? म्हणूनच हरियाणातील बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत एक चाचणी रचण्यात आली आणि १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत वजाबाकीऐवजी वार उलट क्रमाने म्हणावयास सांगतात.

आपल्या जोडशहरात हा विचार दुपटीने लागू पडतो. घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या वृद्धाची परीक्षा त्याला सहज येणाऱ्या भाषेतच व्हावयास हवी. गावाचे नाव विचारल्यावर आजीने ‘हुबळी’ म्हटले, तर ती चूक नव्हे. ‘हुबळ्ळी’ हे नाव सरकारी दप्तरात २०१४ साली आले. परंतु राज्य कोणते, या प्रश्नाला ऐंशीच्या आजोबांनी ‘मुंबई’ असे उत्तर दिले, तर त्याची नोंद घ्यावी. धारवाड मुंबई राज्यात होते ते १९५६ पर्यंत. पुढे म्हैसूर आणि १९७३ पासून कर्नाटक. नवे पुसून जुने तेवढे उरले, असा त्याचा अर्थ असू शकतो.

या चाचणीने केवळ संशय येतो, निदान होत नाही. त्यासाठी रक्ततपासणी, मेंदूचे छायाचित्रण आणि मुख्यतः घरच्यांनी सांगितलेली हकीकत लागते. धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आणि हुबळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही दोन्ही आपल्या हाताशी आहेत. जाताना विस्मरण केव्हा सुरू झाले, हळूहळू की एकाएकी, आधी काय बिघडले, हे लिहून न्यावे. चालू असलेली सर्व औषधे बरोबर घ्यावीत. दुभाषा म्हणून बसल्यास उत्तर मात्र सुचवू नये.

अल्झायमरला आजही समूळ उतारा नाही. तथापि कारण कळले, म्हणजे जे बरे होण्याजोगे आहे ते बरे करता येते. आणि जे तसे नाही, त्यात निदान ‘मुद्दाम करतात’ हा आरोप तरी वडिलांच्या माथी बसत नाही.