मृगाच्या तोंडावर चाकं बदलताना

सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये गाडीचा कुठला भाग मिळत नाही, ते सांगणं अवघड आहे. एम. जी. रोडलगतच्या या गल्ल्यांत बेअरिंगपासून ट्रकच्या पाट्यांपर्यंत सगळं टांगलेलं, रचलेलं, नाहीतर फुटपाथवर मांडलेलं असतं. एमएच २६ नंबरची एखादी पिकअप दुकानासमोर दिसली की समजावं, नांदेडहून कुणी आलंय, आणि आत भावावरून मराठीत घासाघीस चालली आहे. मे संपत आला की इथल्या टायरवाल्यांकडे वर्दळ वाढते. मृग लागायच्या आत टायर बदलून घ्यावेत, हा हिशोब इथे सगळ्यांनाच पटलेला आहे.

भाच्याने जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, आणि ती सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांवर. अशा गाडीला टायर निवडणं हे साध्या गाडीपेक्षा जरा जोखमीचं काम. भाच्याच्या डोक्यात मात्र टायरपेक्षा रिम जास्त होत्या. गाडीवर १७ इंची चाकं होती, त्याला १८ इंची काळ्या अलॉय हव्या होत्या.

दुकानाचे मालक साठीच्या घरातले. त्यांनी आधी रिमचा विषयच काढू दिला नाही. जुन्या टायरशी उकिडवे बसले, साइडवॉलवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि लंबगोलातले चार आकडे दाखवले : १४१८. म्हणजे २०१८ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘‘पण नक्षी तर बरीच शिल्लक आहे,’’ भाचा म्हणाला. खरंच होती. १.६ मिलिमीटर ही झिजेची मर्यादा दाखवणारे खाचेतले उंचवटे अजून बरेच खाली होते. मालकांनी टायरच्या ठोकळ्यात नख रुतवून पाहिलं. ते रुतलं नाही. मग खाच बोटांनी फाकवली, तर तळाशी केसासारख्या बारीक भेगा. ‘‘हौ साब, नक्षी है. रबर नै है.’’

टायरची निवड मुळात या रबराची असते. भाच्याचा थोरला भाऊ जर्मनीत, स्टुटगार्टला असतो. तो दर ऑक्टोबरात चाकांचा दुसरा संच चढवतो आणि ईस्टरच्या सुमारास उतरवतो. बर्फाळ, निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर लावणं तिथे २०१० पासून कायद्याने सक्तीचं आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण असावीच लागते. साधारण ७ अंशांखाली नेहमीचं रबर ताठरतं, म्हणून हिवाळी टायरचं रबर मऊ ठेवतात आणि ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा पाडतात. तोच टायर सिकंदराबादेत मे महिन्यात बेचाळीस अंशांत चालवला, तर ठोकळे लिबलिबतील, ब्रेक उशिरा लागेल आणि नक्षी बघता बघता उडेल. आपल्याकडे बहुतेक गाड्यांना बसतात ते ‘समर टायर’च. इथल्या गाडीची खरी परीक्षा घेतो तो पाऊस.

त्यातही पहिला पाऊस. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, रबराचा भुगा आणि धूळ पहिल्या सरीत वर तरंगते. नंतर जुलै-ऑगस्टात प्रश्न पाण्याच्या थराचा. हिशोब कागदावर करून पाहिला. टायर २२५ मिलिमीटर रुंद, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आणि वेग ताशी ८० किलोमीटर. तर एका टायरला दर सेकंदाला १५ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. आउटर रिंग रोडवर कमाल वेग २०२३ मध्ये १०० वरून १२० झाला. त्या वेगाला हाच आकडा साडेबावीस लिटरवर जातो. पाणी वेळेत निघालं नाही की टायर त्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

नासाच्या वॉल्टर होर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर काम करून दाखवलं, की तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. त्यांच्या सूत्राने, पाणी नक्षीत मावेनासं झालं की ३६ पौंड हवेचा टायर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो, २५ पौंडाचा ८३ लाच. मोटारीचा रुंद टायर त्याआधीही उचलला जाऊ शकतो. म्हणजे रुंद टायर कोरड्यावर शोभतो आणि पकडतोही, पण पाण्यात तीच रुंदी अंगावर येते. खोल, सलग उभ्या खाचा असलेली नक्षी म्हणून हवी. रबरात सिलिका हवी. मिशलँने १९९२ मध्ये सिलिकाचे टायर बाजारात आणले, तेव्हापासून ओल्या रस्त्यावरची पकड आणि कमी इंधन या दोन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये बऱ्यापैकी जुळायला लागल्या.

दुकानात पर्याय काय, तर जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून अशा गाड्यांच्या मापाचा माल कधी असतो, कधी नसतो. हवा तो टायर दोनच मिळतो, चार नाही, असंही होतं. सोलापूरहून हैदराबादला येताना सदाशिवपेठला एमआरएफचा कारखाना लागतो. टायर या शहराच्या दारातच बनतात, पण खास मापं आणि खास रबर यांची गोष्ट वेगळी. मालकांनी तीन कंपन्यांचे टायर समोर ठेवले. एक स्वस्त आणि टिकाऊ, पण रबर कडक. दुसरा आवाजाला शांत, रोजच्या वापराचा. तिसरा महाग, वेगवान गाड्यांसाठीचा, ओल्यात ब्रेकला चांगला, मात्र लवकर झिजणारा. तिन्हींवर नुसता आयएसआयचा शिक्काच नाही, तर त्यासोबत आयएस १५६३३ हा क्रमांकही आहे, ते त्यांनी स्वतः दाखवलं. वजनाचा निर्देशांक ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. पुढचं अक्षर वेगाचं : डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. एवढ्या वेगाने इथे कुणी जाणार नाही, पण त्या वेगाची उष्णता सोसणारा टायर बेचाळीस अंशांच्या दुपारी निर्धास्त चालतो. तिसराच ठरला.

आता रिम. शेजारच्या दुकानात १८ इंची चकचकीत संच टांगलेला होताच. मालकांनी तो मागवला आणि मागची बाजू वर करून ठेवला. ऑक्टाव्हियाला पाच बोल्ट, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर. तेवढं जुळत होतं. मधलं भोक मात्र ७३.१ मिलिमीटरचं, आणि गाडीच्या हबचं माप ५७.१. मध्ये कडं बसवल्याशिवाय चाक मध्यावर बसणार नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरेल. मग त्यांनी गाडीचा मूळ बोल्ट हातावर ठेवला. त्याची बैठक गोल, चेंडूसारखी. या रिमची भोकं मात्र शंकूच्या आकाराची. मूळ बोल्ट त्यात फिरतो, आवळल्यासारखा वाटतो, पण टेकतो नुसत्या एका कडेवर. शंकूवाले बोल्ट वेगळे घ्यावे लागतील. शिवाय रिमचा ऑफसेट ३५. मूळचा पन्नासच्या आसपास, म्हणजे चाक दीड सेंटिमीटर बाहेर. गाडी भरली की टायर मडगार्डला घासणार.

त्यावरही तोड निघाली असती. निकाल लागला तो साइडवॉलवर. २२५/४५ आर १७ या मापात रबराची भिंत १०१ मिलिमीटर, २२५/४० आर १८ मध्ये ९०. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच, अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण पाण्याने भरलेला खड्डा किती खोल हे दिसत नाही, आणि त्या अकरा मिलिमीटर रबरावर रिम वाचते की वाकते ते ठरतं. कोपऱ्यात वाकलेल्या रिमांची चळत होती. मालकांनी बोट दाखवलं. बहुतेक १८ आणि १९ इंची होत्या. भाचा गप्प झाला.

पुढचं काम पोऱ्यांचं. मशीनवर जुना टायर सुटला, रिमच्या कडेला साचलेला काळा थर तारेच्या ब्रशने खरवडला गेला, व्हॉल्व्ह नवे बसले. नव्या टायरच्या बीडला साबणाची पेस्ट लागली. टायरवरचा पिवळा ठिपका, म्हणजे त्याची सगळ्यात हलकी जागा, व्हॉल्व्हसमोर आणला. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर. हवा भरली आणि बीड दोनदा फटाक्यासारखा वाजून जागेवर बसला. बॅलन्सिंगच्या मशीनवर तीन चाकं थोड्या वजनात जुळली. चौथ्याला जास्त लागलं, तेव्हा मालकांनी वजनं चिकटवू दिली नाहीत. टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवायला लावला आणि वजन निम्म्यावर आलं. बोल्ट आधी हाताने, मग एक सोडून एक या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला. एअर गनने आवळायला निघालेल्या पोऱ्याला जोरात ओरडा बसला.

निघताना सूचना मिळाल्या : शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा, पहिले काही दिवस गाडी दामटू नका, हवा सकाळी टायर थंड असताना बघा, आणि दर पंधरा दिवसांनी बघा. भाच्याने जाता जाता पुन्हा त्या काळ्या रिमांकडे पाहिलंच. मालक हसले, ‘‘रोडां अच्छे हो गए तो आओ साब, फट से लगा देतूं.’’