काउंटर सोडून व्यायामशाळेत : आधी शिक्षण, मग राजीनामा

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर तरुण मंडळी बसतात. तिथे अलीकडे एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. कपड्यांच्या दुकानात, मॉलमध्ये, मोबाईलच्या काउंटरवर काम करणारी मुले विचारतात, "ही नोकरी सोडून जिम ट्रेनर व्हावे का?" घरचे म्हणतात, "चालता पगार सोडून दंड फुगवायला निघालास काय?" आम्ही दोघांचेही ऐकले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

प्रथम मुलांची बाजू पाहू. दुकानातली नोकरी म्हणजे दिवसभर उभे राहणे. पाय सुजतात, कंबर धरते. विक्रेत्यांना बसायला जागा मिळावी एवढ्या साध्या गोष्टीसाठी केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. यावरून काय ते समजावे. शिवाय ज्या समाजाचे शरीर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या राबणुकीला जुंपले गेले, त्या समाजाचा मुलगा शरीराचे शास्त्र शिकून चारचौघांना निरोगी करतो, ही आम्हाला अभिमानाची गोष्ट वाटते. मुलींनीही मागे राहू नये. व्यायामाला येणाऱ्या अनेक स्त्रियांना शिकवणारी स्त्रीच हवी असते.

आता घरच्यांची बाजू. या धंद्यात गर्दी पहाटे आणि संध्याकाळी. मधले चार-पाच तास रिकामे. ना घरी जाता येत, ना दुसरे काम धरता येत. बांधील पगार बहुधा थोडाच. खरी कमाई एकेका माणसाला वेगळे शिकवण्याच्या फीमधील हिश्श्यातून होते. जानेवारीत जिम भरते, मग हळूहळू ओसरते. ज्या घरात आई धुणीभांडी करते आणि बहिणीची फी भरायची आहे, त्या घराला ही चढउतार परवडेल का? हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे, जबाबदारीचा आहे.

राजीनाम्यापूर्वी

बाबासाहेबांनी समाजाला दिलेल्या संदेशात 'शिका' हा शब्द पहिला आहे. तोच क्रम इथेही ठेवावा. नोकरीत असतानाच प्रशिक्षण घ्यावे. सरकारी कौशल्य विकास योजनांमध्येही फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. खासगी संस्थेची मोठी फी भरण्यापूर्वी त्याची चौकशी करावी. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचे काम करीत आहे. पदवी घ्यायची असेल त्याने असेही मार्ग पाहावेत.

कोणताही वर्ग लावताना विचारा : शरीररचना शिकवतात का? गुडघा दुखणाऱ्याला, मधुमेह्याला, रक्तदाब असणाऱ्याला काय करू द्यायचे नाही, हे सांगतात का? प्रथमोपचार शिकवतात का? हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. ज्याला हे येत नाही, त्याच्या हाती कुणाचा जीव द्यायचा?

काही महिने पहाटे जिममध्ये मदतनीस म्हणून राहा आणि मग दुकानावर जा. अंगाला झेपते की नाही, ते तिथेच कळेल. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावर रीतसर नोटीस द्या. पीएफ मोडू नका. खाते क्रमांक तोच ठेवून तो नव्या नोकरीत वर्ग करून घ्या. पेन्शनला एकूण १० वर्षांची सेवा लागते. पेन्शनचा हिस्साही काढून घेतला तर मागची वर्षे मोजली जात नाहीत. नव्या ठिकाणी पगार आणि हिस्सा लेखी घ्या. दुकानात गिऱ्हाइकाशी गोडीने बोलायला शिकलात, ते कसब इथेही उपयोगी पडेल.

विषाचा व्यापार नको

खरी कसोटी मात्र पुढेच आहे. भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. लवकर अंग भरावे म्हणून काही ठिकाणी पोरांना स्टिरॉइड टोचतात. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असलेले मेफेन्टरमाईनचे इंजेक्शन दम वाढवायला म्हणून विकतात. स्टिरॉइडने यकृत आणि हृदय बिघडते, वंध्यत्वही येऊ शकते. हा विषाचाच व्यापार होय. मालक टार्गेट देईल, कमिशन दाखवील. तिथे 'नाही' म्हणता आले तरच ती सम्यक् आजीविका.

रोजंदारीवाल्याच्या गळ्यात महागडी पावडर मारणेही बरे नव्हे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५. आपल्या आयाबायांच्या स्वयंपाकघरात आहे ते आधी सांगा.

सिद्धार्थ गौतमांनी देह झिजवून पाहिला, आणि त्यातून काही साधत नाही हे उमगल्यावर सुजाताची खीर स्वीकारली. शरीराचे हाल नकोत आणि लाडही नकोत, हाच मध्यम मार्ग ट्रेनरने शिकवायचा आहे.

पहिला वर्ग वस्तीत

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. विहाराचे सभागृह सकाळी रिकामेच असते. शिकत असलेल्या मुलाने तिथे वस्तीतल्या स्त्रियांना, साखरेच्या रुग्णांना, निवृत्त कामगारांना अर्धा तास फुकट शिकवावे. त्याचा हात बसेल, नाव होईल, आणि जिना चढताना आजीचा श्वास फुलेनासा झाला की घरचेही आपोआप म्हणतील, "दे आता राजीनामा."

जयभीम!