गाळात मुरलेले विष

उरण, करंजा, न्हावा शेवा या पट्ट्यातील रुग्णांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, खाडीची चिंबोरी खाऊ की नको?’ गरोदर सुनेला घेऊन आलेली सासू तर हटकून विचारते. हे बरेचसे गाळावर अवलंबून आहे.

काही रसायने वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. डीडीटी हे त्यांतलेच. आपल्याच जिल्ह्यात रसायनी येथे त्याचे उत्पादन झाले आहे. शेतीतील त्याच्या वापरावर १९८९ साली बंदी आली. त्याच वर्षी न्हावा शेवा बंदर सुरू झाले. जहाजांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिनयुक्त रंग लावत. त्यामुळे शंखाच्या माद्यांना नरांची इंद्रिये फुटू लागली, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने हा रंग बंद झाला.

बंदी आली तरी विष गेले का? प्रयोगशाळेत हे साध्या रीतीने तपासतात. बाटलीत गाळ, पाणी आणि मोजून घेतलेले रसायन घालून ती बराच वेळ हलवतात. गाळ खाली बसला की पाण्यात किती रसायन उरले ते मोजतात. डीडीटीसारखे रसायन पाण्यात फारसे विरघळत नाही; कुजलेला पालापाचोळा मिसळलेल्या बारीक गाळाला ते घट्ट धरते, जाड वाळूला कमी. वर स्वच्छ पाणी ठेवले तर ते हळूहळू पुन्हा पाण्यात उतरते. गाळ ढवळला तर कणांबरोबर वर येते. म्हणून बंदराचा जलमार्ग खोल करण्यापूर्वी गाळाची तपासणी महत्त्वाची.

गाळातले किडे हे विष घेतात, किडे मासे खातात, मासे आपण खातो. दर पायरीला ते चरबीत साठत जाते. आईच्या दुधातही उतरते. तरीही अंगावरचे दूध तोडू नये, त्याचे फायदे कितीतरी अधिक आहेत.

मासे सोडू नका. मात्र कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी किंवा जहाजे दुरुस्त होतात तेथे धरलेली कालवे, शिंपल्या, चिंबोऱ्या टाळा. चिंबोरीच्या कवचातला पिवळसर मऊ भाग आणि माशांची आतडी, चरबी काढून टाका. उकळल्याने जंतू मरतात, ही रसायने जात नाहीत. एकाच खाडीची मासळी रोज न खाता आलटून पालटून खावी. गरोदर बायकांनी व लहान मुलांनी हे विशेष पाळावे.