दीड लाखांचा फेर

समजा, भिशीत आपण दहाजणी आहोत. प्रत्येकीच्या घरापासून प्रत्येकीच्या घरापर्यंत दोरी बांधायची म्हटलं, तर किती दोऱ्या लागतील? ४५. शंभरजणी असतील तर? ४,९५०! बायका दहापट झाल्या, दोऱ्या मात्र शंभरपटीहून जास्त.

जपानमधल्या कोबे शहरात ‘फुगाकू’ हा महासंगणक उभारताना इंजिनिअर मंडळींपुढे हाच हिशेब होता. महासंगणक म्हणजे काही एकच अवाढव्य कॉम्प्युटर नव्हे. फुगाकूत १,५८,९७६ प्रोसेसर एकत्र राबतात. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, खोकल्यातून उडालेले थेंब खोलीत कुठवर जातात, मास्क त्यातले किती अडवतो, याची गणितं त्याच्यावर झाली. अशा गणितात खोलीतल्या हवेचे बारीक बारीक तुकडे करून वाटून देतात. पण शेजारच्या तुकड्यात काय झालं हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. निरोप रेंगाळला, की कितीही हुशार प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतो. आणि सगळ्यांना सगळ्यांशी थेट जोडायचं, तर बाराशे कोटींहून जास्त तारा हव्यात!

मग केलं काय? प्रत्येकाला जोड दिले फक्त दहा. बाकीचं काम भोंडल्याच्या फेरासारखं. चोवीसजणी रांगेत उभ्या असल्या, तर पहिलीचा निरोप शेवटचीपर्यंत जायला तेवीस टप्पे लागतात. त्यांनीच फेर धरला, की कुणाकडूनही कुणाकडे जास्तीत जास्त बारा. शिवाय एकीचा हात सुटला, तरी निरोप उलट्या बाजूने पोचतोच. उभं, आडवं, खोल एवढ्यावर न थांबता हे जाळं चक्क सहा मितींत विणलंय.

अमेरिकेत ओक रिज इथल्या ‘फ्रंटियर’ची तऱ्हा निराळी. २०२२ मध्ये सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींचा टप्पा त्याने ओलांडला. तिथे वाडे आहेत म्हणा ना! वाड्यातली सगळी दारं एकमेकांना जोडलेली, आणि प्रत्येक वाड्यातून दुसऱ्या वाड्यांकडे मोजक्याच लांब वाटा. लांबच्या तारा महाग पडतात ना! या रचनेचं नाव ‘ड्रॅगनफ्लाय’, म्हणजे आपला चतुर. नाव शोभतंय की नाही?

तेव्हा मैत्रिणींनो, हुशार डोकी नुसती गोळा करून भागत नाही. कोण कुणाच्या शेजारी, हे आधी नीट ठरवावं लागतं. ते जमलं, तर दीड लाखांच्या गोतावळ्यातही दहा जोड पुरतात.