फिजिक्समध्ये ६० पैकी २४, आता डॉक्टरकीचं काय?



गेल्या एप्रिलची गोष्ट. बंदीला अजून महिना होता, बोटी चालू होत्या, आणि मी सोसायटीत डिझेलची बिलं लावत बसलो होतो. हैदराबादहून बहिणीचा फोन आला. ती रडत होती आणि मागून भाऊजींचा आवाज येत होता, "काढून टाकू हिला, कॉमर्सला घालू." भाचीचा निकाल लागला होता. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. आठवीपासून तिने डॉक्टर व्हायचं धरलंय.

हे घरातलं इथे लिहायचं कारण, आपल्याही तीन-चार घरांतली मुलं यंदा सायन्सला आहेत आणि मार्कांवरून घरात काय चालतं ते मला माहीत आहे. भाचीला विचारूनच लिहितोय. नाव नको म्हणाली.

आधी तिकडची पद्धत सांगतो. तेलंगणात अकरावी-बारावीला 'इंटर' म्हणतात. डॉक्टरकीकडे जाणारी मुलं 'बायपीसी' घेतात, म्हणजे बॉटनी, झूलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि दोन भाषा. आपल्याकडे अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं आणि ते मार्क पुढे कोणी विचारत नाही. तिकडे पहिल्या वर्षालाच बोर्डाची परीक्षा असते. भाची बसली त्या पद्धतीत पहिलं वर्ष ४४० मार्कांचं, दुसरं प्रॅक्टिकल धरून ५६०, दोन्ही मिळून १०००. पहिल्या वर्षाचे मार्क शेवटच्या मेमोवर येतात (मार्कशीटला तिकडे मेमो म्हणतात). निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकाचौकात कॉलेजांचे फ्लेक्स लागतात, ४४० पैकी ४३५, ४३६, मुलांच्या फोटोसकट. त्या फ्लेक्सखालून रोज ये-जा करायची आणि आपल्या मेमोवर ३२१. मुलाचं काय होत असेल बघा.

मी बहिणीला म्हटलं, आधी मेमोचा फोटो पाठव. इंग्रजी ८१, संस्कृत ९४, बॉटनी ४७, झूलॉजी ४४, केमिस्ट्री ३१, फिजिक्स २४. शेवटचे चारही पेपर ६० चे. पास व्हायला २१ लागतात, म्हणजे फिजिक्समध्ये काठावर. संस्कृतचं विचारू नका, तिकडे बहुतेक मुलं मार्कांसाठीच संस्कृत घेतात.

आता हिशोब. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या मार्कांवर होतो. नीट ७२० मार्कांची, १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं तर १ वजा. रँक लागतो तो या मार्कांवर, त्यात बारावीचे किंवा इंटरचे मार्क मिळवत नाहीत. बोर्डाकडून लागतं ते एवढंच की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के हवेत. भाचीचे या चार पेपरांचे मार्क २४० पैकी १४६ होतात, म्हणजे जवळपास ६१ टक्के. दुसऱ्या वर्षी याच विषयांना प्रॅक्टिकल धरून ३६० मार्क आहेत. दोन्ही वर्षांचे ६०० धरले तर निम्मे ३००. तिला दुसऱ्या वर्षी ३६० पैकी १५४ पडले तरी अट पुरी होते. ज्या कागदावरून घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती, त्या कागदाने तिची वाट बंद केलेलीच नव्हती. हे कॉलेजात कोणी समजावलं नाही, आणि घरात कोणी गणित मांडलं नाही.

पण मंडळी, इथेच आपण फसतो. मार्क मोजत नाहीत असं म्हणून सोडून द्यायचं नाही. नीटचा अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी दोन्हीचा असतो, आणि ७२० पैकी १८० फिजिक्सचे. ते २४ कुठे मिळवले जाणार नाहीत, पण ज्या कारणाने २४ पडले ते कारण नीटच्या हॉलमध्ये तिच्याबरोबर जाऊन बसणार. म्हणून मार्कांवर रडण्यापेक्षा कारण शोधायला हवं होतं. इंजिन धूर सोडायला लागलं की आपण आधी फिल्टर बघतो, नोझल काढतो. थेट बोट विकायला कोणी काढत नाही.

फोनवर दोन संध्याकाळी आम्ही तेच केलं. मला फिजिक्स येत नाही, मी फक्त विचारत गेलो. पेपरात काय होतं? दोन मार्कांचे दहा छोटे प्रश्न, चार मार्कांचे आठपैकी सहा, आणि आठ मार्कांचे तीनपैकी दोन. छोटे जमले. मोठ्यात एक अर्धा लिहिला, एक सोडला. का सोडला? "मामा, त्यात साइन-कॉस होतं." चार मार्कांच्यात कुठे अडलीस? व्हेक्टर. ग्राफचा उतार. पुन्हा साइन-कॉस.

बायपीसीला गणित हा विषयच नसतो. दहावीनंतर गणित सुटतं, आणि फिजिक्सचं पुस्तक मात्र गणित येतंय असं धरूनच चालतं. त्यात तिचं कोचिंग पहिल्या दिवसापासून नीटच्या चार पर्यायांच्या प्रश्नांवर. पर्याय समोर असले की अंदाजाने गाडी जाते. कोऱ्या कागदावर आठ मार्कांचं उत्तर काढायचं म्हटलं की उघडं पडतं. पोरगी मठ्ठ नव्हती आणि आळशीही नव्हती. रात्री साडेबारापर्यंत बसायची, पहाटे पाचला उठायची, आणि पायाच नसलेल्या धड्यांची पाठांतरं करायची. आपल्याकडे अकरावीत बायोलॉजीसाठी गणित सोडणाऱ्या मुलांचंही हेच होतं, फक्त बोर्डाची परीक्षा नसल्यामुळे ते बारावीपर्यंत दिसत नाही.

मग तिने पंधरा दिवस धडे बाजूला ठेवले. त्रिकोणमिती, व्हेक्टर, ग्राफ, घातांक, एवढंच. शेजारच्या इमारतीतली इंजिनिअरिंगची एक मुलगी रोज तासभर बसवायची. झोप सहा तास, हे मी बहिणीकडून कबूल करून घेतलं. भाऊजींना म्हटलं, पंधरा दिवस मार्क हा शब्द काढू नका. ते नाराज झाले, पण थांबले.

तिकडे आणखी एक सोय आहे. निकालानंतर महिन्याभरात सप्लिमेंटरी होते आणि पास झालेली मुलंही मार्क वाढवायला तिला बसू शकतात. दोन्हीपैकी जे मार्क जास्त ते धरतात. भाची फक्त फिजिक्सला बसली. ३८ पडले. फ्लेक्सवर फोटो यायला हे पुरेसे नाहीत, पण या वेळी मोठे दोन्ही प्रश्न तिने पूर्ण लिहिले होते. ज्यांना पेपर तपासण्यातच चूक वाटते त्यांनी रिकाउंटिंग किंवा रिव्हेरिफिकेशनचा अर्ज लगेच करावा, मुदत थोड्या दिवसांची असते.

तपासण्यात चुका होतच नाहीत असं समजू नका. एप्रिल २०१९ मध्ये याच तेलंगण इंटरच्या निकालात मोठा गोंधळ झाला. एका मुलीला तेलुगूत शून्य दाखवलं होतं, पुन्हा पाहिलं तर ९९ निघाले. सरकारने नापास मुलांचे पेपर फुकट तपासून दिले आणि हजारावर मुलं पास ठरली. पण तोवर, त्या निकालानंतरच्या दिवसांत, वीसहून जास्त मुलांनी आपला जीव संपवला होता. म्हणून सांगतो, निकालाच्या आठवड्यात मूल गप्प झालं, जेवत नसेल, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' असं बोलायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. हिशोब नंतर. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागते आणि मराठीत बोलतात. मुलाने नाही केला तर आई-बापाने करावा.

आणखी एक, कारण आमच्या घरी ही चूक होता होता राहिली. बहीण म्हणाली, हिला गावी पाठवते, बारावी तिकडे करू दे. मी चौकशी केली. महाराष्ट्राच्या कोट्यातून मेडिकलला जायचं तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, आणि हिची दहावी हैदराबादची. तेलंगणच्या कोट्याला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथे शिकलेली लागतात. ती तिथे आठवीपासून आहे, म्हणजे तिथेच राहिली तर बसते. मधेच उचलून इकडे आणली असती तर ना इकडची ना तिकडची. नियम बदलत असतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक बघा, पण रागाच्या भरात मुलाचं राज्य बदलू नका.

जूनमध्ये बंदी लागली तसा मी हैदराबादला जाऊन आलो. मृगाचे दिवस, नामपल्लीच्या मैदानावर दम्याच्या लोकांना जिवंत मासा गिळायला देतात ती गर्दी चालू होती. (दमा जातो की नाही ते डॉक्टरांना विचारा. मी मरळीची पिल्लं बघायला गेलो होतो.) परतताना भाची म्हणाली, मामा, बेगमपेटला चल. तिथे जुन्या विमानतळाजवळ एक जुनी इमारत आहे, सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची. मलेरिया डासातून पसरतो याचा पहिला पक्का पुरावा रॉसना सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी मिळाला. आज तो दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं.

हे रॉस कॉलेजात कसे होते ते तिनेच मला सांगितलं. वडिलांच्या आग्रहाने १८७४ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात गेले, पण लक्ष कवितेत आणि संगीतात. १८७९ मध्ये सर्जनची परीक्षा पास झाले, दुसरी लागणारी परीक्षा मात्र नापास. मग अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीवर डॉक्टर म्हणून लागले आणि दर्यावर राहून अभ्यास केला. १८८१ मध्ये दुसऱ्या खेपेला पास झाले आणि इथल्या सरकारी वैद्यकीय नोकरीत आले. पुढे डास फाडण्यातही त्यांच्या हाती बराच काळ काही लागलं नाही, कारण चुकीच्या जातीचे डास फाडत होते. पेशंटला चावून रक्त प्यायलेल्या एकेका डासामागे ते त्या पेशंटला एक आणा देत. शेवटी पंखांवर ठिपके असलेला डास मिळाला, आणि त्याच्या पोटात जे शोधत होते ते दिसलं.

मी ऐकत होतो आणि मला माझी अकरावी आठवत होती. फिजिक्समध्ये मलाही असेच मार्क पडले होते. आमच्या घरी कोणी ओरडलं नाही. बाबा म्हणाले, तुझं डोकं बोटीवरच चालणार, आणि विषय संपला. बारावी कशीबशी काढली आणि थांबलो. मी डॉक्टर झालो असतो असं म्हणत नाही. पण कुठे अडलं ते मला तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि माझंही साइन-कॉसच असावं असं आता वाटतं.

नीटमध्ये भाचीचं काय होईल ते मला सांगता येत नाही. जागा कमी, मुलं खूप. नाही झालं तरी बायोलॉजीवाल्यांना व्हेटर्नरी, नर्सिंग, फार्मसी आहे, आणि आपल्याला जवळची फिशरीजची डिग्री आहे, रत्नागिरीला शिरगावच्या कॉलेजात, तेलंगणात पेब्बैरला. हे मी तिला अजून बोललेलो नाही. आत्ता ती दुसऱ्या वर्षाचं इलेक्ट्रिसिटी करतेय आणि त्यात साइन-कॉस परत आलंय, असा परवा मेसेज होता, पुढे हसणारं तोंड.

ज्यांच्या मुलांचे मार्क यंदा कमी आलेत त्यांनी संध्याकाळी सहानंतर सोसायटीत यावं. येताना मार्कशीट आणा, आणि मिळत असतील तर तपासलेल्या उत्तरपत्रिका. मुलालाही आणा. बिलं बाजूला ठेवून बसू.