मंडळाचं लेटरहेड: कोरलमधून थेट रायटरमध्ये

गणपती जवळ आले की पुण्यातल्या मंडळांत एक प्रश्न हमखास निघतो: लेटरहेडची ओपन फाइल कुणाकडे आहे? ती असते कोरलड्रॉची, म्हणजे सीडीआर. आणि ती उघडणारा डीटीपीवाला नेमका गावी!

लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यातला ‘ड्रॉ’ २०१२पासून सीडीआर उघडतो. चिन्ह, वेलबुट्टी निवडा आणि एसव्हीजी म्हणून एक्स्पोर्ट करा. जेपीजी नको, छापताना कडा फुटतात. मग लिब्रेऑफिसच्याच ‘रायटर’मध्ये पानाचं हेडर सुरू करून चित्र तिथे बसवा, फाइल टेम्प्लेट म्हणून (ओटीटी) सेव्ह करा. दुसऱ्या पानावर गणपती नको असेल, तर पहिल्या पानाचं हेडर वेगळं ठेवा. वर्डवाल्यांनी डॉटएक्स करावी. वर्ड २०१९च्या आधीचं असेल, तर एसव्हीजीऐवजी ईएमएफ वापरा.

खरी मेख अक्षरांत आहे. मराठी टायपिंगची श्रीलिपी आपल्या पुण्याचीच, पण तिच्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाँट नसला की ‘श्री’ऐवजी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांचं चित्र केलेलं असेल तर दिसतो छान, पण पत्त्यातला एक काना बदलता येत नाही. म्हणून नक्षी तेवढी जुनी ठेवा; नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. मी मुक्ता फाँट वापरतो. दहा मिनिटांचं काम आहे, पुढच्या कार्यकारिणीलाही ती फाइल वापरता येते.