हाकेला ओ देणाऱ्या मूर्ती

मृत्यूनंतरही माणसाला श्रम करावे लागतात काय? प्राचीन इजिप्तमधील लोकांचे या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे होते. त्यांच्या श्रद्धेनुसार परलोकातही शेते होती. ती कसावी लागत, त्यांना पाणी द्यावे लागे आणि वाळू वाहून न्यावी लागे. नाईल नदीच्या पुरावर जगणाऱ्या या देशात कालवे, बांध यांच्या कामासाठी राजसत्ता प्रजेला वेठीस धरीत असे. परलोकाचे चित्रही याच अनुभवातून रंगविले गेले. तेथे कामाची हाक आली, की राजाचीही सुटका नव्हती.

यावर त्यांनी बदली कामकऱ्याचा उपाय शोधला. मृताजवळ लहान मूर्ती ठेवल्या जाऊ लागल्या. त्यांना ‘शब्ती’ व पुढील काळात ‘उशब्ती’ असे म्हणत. ‘उशब्ती’ म्हणजे उत्तर देणारा. लाकूड, दगड किंवा निळसर झिलईच्या मातीसारख्या पदार्थापासून त्या घडवीत. बहुतेकींचा आकार ममीसारखा असे. अनेकींच्या हातांत कुदळ व पाठीवर टोपली दिसते. ‘मृतांचे पुस्तक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहातील सहावा मंत्र अनेक मूर्तींवर कोरलेला असे. मृताच्या नावाने हाक येताच मूर्तीने ओ द्यावी व त्याच्या वतीने कामाला लागावे, असा त्याचा आशय आहे.

सामान्य माणसाला एखाददुसरी मूर्ती पुरे. राजाचा थाट मात्र निराळाच. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तरुण वयात मृत्यू पावलेल्या तुतनखामेन राजाची कबर सापडली. तीत अशा ४१३ मूर्ती होत्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक याप्रमाणे ३६५ कामकरी, सुमारे दहा जणांमागे एक याप्रमाणे ३६ मुकादम आणि प्रत्येक महिन्यासाठी एक याप्रमाणे १२ वरिष्ठ मुकादम, अशी ही रचना होती. सोबत कुदळी, टोपल्या व कावडी यांच्या छोट्या प्रतिकृतीही होत्या. इ.स.पू. सातव्या शतकातील ताहार्का राजाच्या नुरी येथील पिरॅमिडमध्ये तर एक हजारांहून अधिक मूर्ती मिळाल्या.

विशेष म्हणजे, तुतनखामेनच्या अनेक मूर्तींना राजाचाच चेहरा आहे. कामाची जबाबदारी राजाची आणि श्रम मात्र मूर्तीचे! श्रमावाचून अन्न नाही, हे सत्य इजिप्तच्या लोकांनी परलोकातही नाकारले नाही. मात्र ते श्रम दुसऱ्यावर सोपविण्याची राजाची सवयही तेथवर त्याच्याबरोबर गेली. कबरीतील सोने राजाचे वैभव सांगते. हे वैभव कोणाच्या कष्टांवर उभे होते, ते या मूर्तींच्या हातांतील कुदळ सांगते.